पंखा उलटा का फिरतो? हालचाल कशी दिसते हे घरीच तपासून पाहण्याची रीत

शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं की डोळ्यांपुढची प्रतिमा १/१६ सेकंद टिकते आणि म्हणून सिनेमातली चित्रं हलताना दिसतात. याला दृष्टिसातत्य म्हणतात. हे स्पष्टीकरण अर्धंच आहे. दोन चित्रांमधला अंधार आपल्याला का जाणवत नाही, एवढंच त्यातून कळतं. नुसत्या प्रतिमा टिकून राहिल्या असत्या तर एकीवर दुसरी चढून सरमिसळ झाली असती. मग त्यातून धावणारा घोडा कुठून येतो?

खरी गोष्ट अशी की रंग आणि आकार ओळखतो तशी हालचालही मेंदू वेगळी ओळखतो. त्यासाठी वेगळ्या पेशी आहेत, आणि त्या फसतात तेव्हा ठरावीक रीतीनेच फसतात. १९८३ साली म्युनिकमधले योझेफ त्सील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बाईंचा अभ्यास प्रसिद्ध केला. या बाईंच्या मेंदूच्या मागच्या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती. रंग, चेहरे, वस्तू सगळं ओळखू यायचं, पण हालचाल दिसत नव्हती. चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटायची, त्यामुळे कप भरत आलाय हे कळायचं नाही. लांब दिसणारी गाडी पुढच्या क्षणी एकदम जवळ आलेली असायची, म्हणून रस्ता ओलांडता येत नव्हता. नजर शाबूत असूनही हालचाल तेवढी पुसली जाऊ शकते, हे या एका रुग्णाने दाखवून दिलं.

पुढचे प्रयोग त्याच यंत्रणेचा एकेक भाग उघडून दाखवतात. साहित्य सोलापुरातल्या कुठल्याही घरात सापडेल: मोबाइल, छताचा पंखा, रेघारेघांचा टॉवेल, जुनी लग्नपत्रिका, दोन-तीन टिकल्या, पेन्सिल, उदबत्ती, दोरा, लोखंडी नट आणि गॉगल. ज्यांना फिट येतात किंवा अर्धशिशीचा त्रास आहे त्यांनी लुकलुकत्या दिव्यांचे आणि सरकत्या पट्ट्यांचे प्रयोग करू नयेत. आणखी एक नियम पहिल्यापासून पाळा. घरातल्या चौघांनी मिळून प्रयोग केला तर प्रत्येकाने आधी आपलं उत्तर कागदावर लिहायचं, मगच बोलायचं. असं का, ते उदबत्तीच्या प्रयोगात कळेल.

पायरी १ : अंगठा आणि गड्ड्याचे दिवे

हात लांब करून अंगठा उभा धरा. आता एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा, असं आलटून पालटून करा. अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. प्रत्यक्षात तो जागचा हललेला नाही. दोन डोळ्यांना तो दोन जागी दिसतो आणि मधला प्रवास मेंदूने भरून काढलेला असतो.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या गड्ड्याला, होम मैदानावर गेलात की पाळण्यांवरच्या दिव्यांकडे नीट पाहा. प्रकाशाची माळ धावतेय असं वाटतं. एखाद्याच दिव्यावर नजर रोखली की तो बिचारा जागच्या जागी लागतोय आणि विझतोय एवढंच दिसतं. माक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली नेमका याचाच अभ्यास मांडला. दोन रेघा एकापाठोपाठ दाखवायच्या आणि मधला वेळ बदलत जायचा. सेकंदाचे हजार भाग केले, तर मधला वेळ ३० भागांच्या आसपास असताना दोन्ही एकदमच दिसतात, ६०च्या आसपास एकच रेघ सरकल्यासारखी वाटते आणि २००च्या पुढे दोन वेगळ्या रेघा एकीमागून एक येताना दिसतात. सिनेमा, टीव्ही, मोबाइल सगळं या मधल्या टप्प्यावर उभं आहे.

पायरी २ : उलटा फिरणारा पंखा

हा प्रयोग सावकाश करा, कारण मेंदू दोन चित्रांतली जोडी कशी लावतो हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

भर दिवसा, खोलीत भरपूर उजेड असताना, तीन पात्यांचा पंखा पूर्ण वेगावर लावा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमवर, म्हणजे ३० चित्रांवर, ठेवा आणि खालून पंख्याचं चित्रण करा. अंधाऱ्या खोलीत पाती पुसट येतात आणि मोबाइल स्वतःच फ्रेम कमी करतो, म्हणून उजेड हवाच. आता रेग्युलेटर एकेक आकड्याने कमी करत प्रत्येक वेगावर थोडं थोडं चित्रण करा आणि मग सगळं पाहा. मोठ्या वेगावर पंखा उलटा फिरताना दिसेल आणि वेग कमी करत गेलं की कुठेतरी तो सरळ होईल.

याचं गणित सोपं आहे. पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला झाले २१०० अंश. फ्रेम ३०, म्हणजे दर फ्रेमला पातं ७० अंश पुढे जातं. पण पाती तीन आहेत आणि दोन पात्यांत १२० अंशांचं अंतर आहे. पहिलं पातं ७० अंश पुढे गेलं तेव्हा त्याच्या मागचं पातं पहिल्याच्या जुन्या जागेच्या ५० अंश मागे येऊन पोहोचलेलं असतं. पाती तर सगळी सारखीच. मेंदूपुढे प्रश्न असा की आधीच्या चित्रातलं पातं आत्ताच्या चित्रात कुठलं? तो सगळ्यात जवळचं निवडतो. ५० हे ७०पेक्षा जवळ, म्हणून पंखा मागे फिरला असा निकाल लागतो. दर फ्रेमला बरोबर ६० अंश, म्हणजे मिनिटाला ३०० फेरे, ही सीमा. त्याखाली पंखा सरळ दिसतो, त्याच्या थोडा वर उलटा.

आता पंखा बंद करून, तो पूर्ण थांबल्यावर, एका पात्याच्या टोकाजवळ लाल चिकटपट्टी लावा आणि पुन्हा पूर्ण वेगावर चित्रण करा. पट्टी एकच असल्यामुळे तिची जोडी दुसऱ्या कशाशी लागत नाही. पाती उलटी जाताना आणि लाल पट्टी सरळ पुढे जाताना एकाच पंख्यात दिसते! तोच व्हिडिओ ६० फ्रेमवर घेतला तर दर फ्रेमला ३५ अंशच होतात आणि सगळा भ्रम नाहीसा होतो. मुलांना हे गणित आधी कागदावर करायला लावा आणि मग व्हिडिओ दाखवा. आकडेमोडीने आधीच सांगितलेली गोष्ट डोळ्यांदेखत खरी ठरते, याचा आनंद त्यांना मिळायलाच हवा.

पायरी ३ : पेन्सिलीने दिवा तपासणे

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. जुनी चोकवाली ट्यूबलाइट आणि हलक्या प्रतीचे एलईडी दिवे त्यामुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ही लुकलुक जाणवत नाही, पण हलणारी वस्तू ती पकडून देते. दिव्याखाली काळ्या कापडासमोर पांढरी पेन्सिल झपझप इकडून तिकडे हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर दिवा ठीक आहे. हातपंख्याच्या काड्यांसारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतोय. दुकानात दिवा विकत घेताना ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते, जरूर करा.

सोलापुरात हे आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये, लेथवर किंवा गिरणीत फिरतं चाक लुकलुकत्या उजेडात पाहिलं आणि त्याचा वेग लुकलुकीशी जुळला, तर चाक संथ फिरतंय किंवा चक्क थांबलंय असं दिसू शकतं. चादरीच्या मागाजवळ उभं राहून तुटलेला धागा सांधणाऱ्या माणसाने त्या दिसण्यावर भरवसा ठेवून हात घातला तर काय होईल हे सांगायला नको. उपाय माहीत असलेले आहेत. तीन फेजची वीज असेल तर शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायच्या, म्हणजे एक मंद होते तेव्हा दुसरी पेटलेली असते. किंवा इलेक्ट्रॉनिक चोक नाहीतर चांगल्या ड्रायव्हरचे (दिव्याला एकसारखी वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचे) एलईडी लावायचे. फिरणाऱ्या चाकाच्या एकाच आऱ्यावर रंगाचा पट्टा ओढला तर पंख्यावरच्या लाल पट्टीसारखी त्याची मदत होते, पण हात घालण्याआधी माग बंद करणं याला दुसरा पर्याय नाही.

पायरी ४ : टॉवेल, लग्नपत्रिका आणि टिकली

पत्रिकेच्या जाड कागदाला मधोमध सुमारे ३ सेंटिमीटरचं गोल भोक पाडा. रेघांचा टॉवेल घेऊन रेघा तिरप्या होतील असा धरा: खाली डावीकडून वर उजवीकडे जाणाऱ्या. कागद टॉवेलसमोर स्थिर ठेवा, एकाने भोकातून पाहायचं आणि दुसऱ्याने मागे टॉवेल सरकवायचा. आधी सरळ उजवीकडे, मग सरळ खाली. पाहणाऱ्याला दोन्ही वेळा रेघा तिरप्याच, खाली-उजवीकडे सरकताना दिसतात. टॉवेल नेमका कुठे ओढला जातोय हे त्याला सांगताच येत नाही.

यात पाहणाऱ्याची चूक नाही. लांब सरळ रेघेचा मधला तुकडा तेवढा दिसत असेल, तर ती रेघेच्या दिशेने किती घसरली हे कळायला काही खूणच नसते. कळते ती फक्त रेघेला काटकोनातली सरक. आपल्या मेंदूतली दृष्टीच्या पहिल्या टप्प्यावरची प्रत्येक पेशी जगाकडे अशाच छोट्या भोकातून पाहत असते. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी मांजराच्या मेंदूत अशा पेशी शोधल्या. कुणी उजवीकडे जाणाऱ्या रेघेलाच प्रतिसाद देतं, कुणी डावीकडे जाणाऱ्या. त्यांच्या या संशोधनाला १९८१चं नोबेल मिळालं. या असंख्य अर्धवट उत्तरांची गोळाबेरीज पुढच्या टप्प्यावर होते. त्यातला मुख्य भाग एमटी किंवा व्ही-५ या नावाने ओळखला जातो. सेमिर झेकी यांनी १९७०च्या दशकात माकडांच्या मेंदूत त्याचं काम दाखवलं.

गोळाबेरीज कशी होते हेही याच टॉवेलवर दिसतं. दुसऱ्या कागदाला २ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर लांब अशी आडवी खाच पाडा. तोच टॉवेल तसाच सरकवा, आता रेघा आडव्या पळतात. कागद फिरवून खाच उभी करा, रेघा खाली-वर जायला लागतात. खाचेच्या लांब कडांवर रेघांची टोकं जास्त वेळा दिसतात आणि मेंदू त्या टोकांचं ऐकतो. परदेशात न्हाव्याच्या दुकानाबाहेर गोल फिरणाऱ्या खांबावरचे पट्टे वर चढताना दिसतात, ते यामुळेच. आता टॉवेलवर एक टिकली चिकटवा आणि पहिल्या गोल भोकातून पाहा. टिकली भोकात येताच सगळा संभ्रम संपतो, तिच्याबरोबर रेघाही खऱ्या दिशेला जाताना दिसतात.

पायरी ५ : थांबलेल्या गाडीतून सरकणारा फलाट

१८३४ साली रॉबर्ट अॅडम्स या गृहस्थांनी स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं आणि मग नजर बाजूच्या खडकांवर नेली. खडक वर चढताना दिसले. आपल्याकडे धबधबा नाही, पण पुण्याची रेल्वे आहे. खिडकीशी बसा, आणि गाडी स्टेशनात शिरण्याआधी मिनिटभर खिडकीच्या गजावर नजर स्थिर ठेवा. बाहेरचं दृश्य नुसतं वाहू द्या, झाडाखांबांच्या मागे नजर पळू देऊ नका. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. कुर्डुवाडीला गाडी थांबली की फलाट हळूहळू पुढे, म्हणजे गाडी ज्या दिशेला चालली होती त्या दिशेला, सरकताना दिसेल.

घरी हेच मोबाइलवर होतं. एकाच दिशेने सरकणाऱ्या पट्ट्यांचा व्हिडिओ लावा, पडद्याच्या मधोमध टिकली चिकटवा, ४५ सेकंद टिकलीकडेच पाहा आणि व्हिडिओ थांबवा. थांबलेल्या पट्ट्या उलट्या दिशेने वाहायला लागतील. जरा बारकाईने पाहा: पट्ट्या वाहतात, पण टिकलीपासूनचं त्यांचं अंतर बदलत नाही. हालचाल आहे आणि जागा तीच आहे! जागा आणि हालचाल मेंदूत वेगवेगळ्या मोजल्या जातात, याचा यापेक्षा चांगला पुरावा घरात मिळणार नाही.

कारण असं. समोर काहीच हलत नसतानाही उजवीकडच्या आणि डावीकडच्या पेशी थोडा थोडा संदेश देतच असतात आणि दोन्ही पारडी समतोल असतात. एकाच दिशेला बराच वेळ पाहिलं की त्या बाजूच्या पेशी मंदावतात, आणि दृश्य थांबताच विरुद्ध बाजूचं पारडं जड होतं. होरेस बार्लो आणि हिल यांनी १९६३ साली सशाच्या डोळ्यातल्या पेशींवर हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं.

माणसात हे डोळ्यात होतं की मेंदूत? तेही तपासा. उजवा डोळा झाकून फक्त डाव्याने ४५ सेकंद पाहा, मग डावा झाकून उजवा उघडा. ज्या डोळ्याने काही पाहिलंच नाही त्यालाही पट्ट्या वाहताना दिसतात, थोड्या फिक्या. म्हणजे हा परिणाम निदान काही प्रमाणात दोन्ही डोळ्यांचे संदेश एकत्र येतात त्याच्या पुढे, मेंदूतच, घडतो.

पायरी ६ : आरसा आणि उदबत्ती

सेकंदाला साधारण तीन वेळा आपली नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी घेते. प्रत्येक उडीला डोळ्याच्या पडद्यावरचं सगळं जग घसरतं, तरी खोली स्थिर वाटते. आरशासमोर उभं राहून आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे. आपले डोळे हललेले आपल्याला कधीच दिसत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतात. मग मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पाहा. तिथे चित्र जरासं उशिरा येतं, म्हणून डोळ्यांची हालचाल पकडली जाते. उडीच्या वेळेपुरती मेंदू नजरेची दखल कमी करतो, आणि डोळ्याच्या स्नायूंना दिलेल्या हुकमाची एक प्रत स्वतःकडे ठेवून तेवढी हालचाल वजा करतो. एक डोळा मिटून दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी पापणीवरून बोट अगदी हलकं टेकवलं तर जग डुलतं, कारण तिथे हुकूमच दिलेला नसतो. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, काचबिंदू किंवा पडद्याचा आजार असलेल्यांनी आणि लेन्स घालणाऱ्यांनी हे करू नये.

रात्री खोली पूर्ण अंधारी करून दोन मीटरवर उदबत्ती लावा, कापड आणि पडद्यांपासून लांब. त्या ठिणगीकडे दोन मिनिटं पाहत राहिलात की ती हवेत तरंगायला लागते. आजूबाजूला तुलनेला काहीच नसल्यामुळे डोळ्यांची बारीक सरक वजा करायला आधार उरत नाही. १९३५ साली मुझफ्फर शेरीफ यांनी अशाच ठिपक्याबद्दल लोकांना एकत्र बसवून अंदाज मोठ्याने सांगायला लावले. ठिपका हललेलाच नव्हता, पण सगळ्यांचे अंदाज हळूहळू एकमेकांजवळ आले. उत्तरं आधी लिहायची ती याचसाठी.

आधाराची ताकद उलट बाजूनेही दिसते. सोलापूर स्टेशनात शेजारची गाडी सुटली की आपलीच निघाली असं वाटतं. ढग पळत असतात तेव्हा चंद्र धावताना दिसतो. मोठी चौकट स्थिर मानायची आणि आतलं लहान ते हललं म्हणायचं, हा मेंदूचा जुना ठोकताळा आहे.

पायरी ७ : दोरा, नट आणि गॉगल

दोऱ्याला नट बांधून दारात टांगा आणि तो बरोबर डावी-उजवीकडे झुलेल असा सोडा. दोन मीटर लांब उभे राहून गॉगलची एकच काच डाव्या डोळ्यापुढे धरा, दोन्ही डोळे उघडे ठेवा. नट झुलायचा सोडून गोल फिरायला लागतो. उजवीकडे जाताना लांबून, डावीकडे येताना जवळून. काच उजव्या डोळ्यापुढे धरली की फिरण्याची दिशा उलटते. अंधारलेल्या डोळ्याचा संदेश मेंदूत थोडा उशिरा पोहोचतो. त्या डोळ्याला नट जरा मागच्या जागी दिसतो, आणि दोन डोळ्यांतल्या या फरकाचा अर्थ मेंदू जवळ-लांबचं अंतर असा लावतो. १९२२ साली हे मांडणारे कार्ल पुल्फ्रिख स्वतः एका डोळ्याने अंध होते, त्यामुळे त्यांना हा भ्रम कधीच दिसला नसेल.

गॉगलशिवाय, दोन्ही डोळे उघडे असताना, नट गोल फिरताना दिसला तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. एका डोळ्यातला मोतीबिंदू किंवा डोळ्याच्या नसेची सूज असेल तरी असं होतं.

पायरी ८ : रस्ता आणि फाटक

हे प्रयोग इथे उपयोगी पडतात, आणि मला स्वतःला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पुणे-सोलापूर महामार्गावर तासभर ९०च्या वेगाने आलात की डोळ्यांपुढून वाहणाऱ्या दृश्याला मेंदू सरावतो, पायरी ५मध्ये सरावला होता तसाच. शहरात वळल्यावर ६०चा वेगही रांगल्यासारखा वाटतो. त्या वेळी मनाला विचारू नका, पहिली पाच-दहा मिनिटं काट्याकडे पाहून वेग ठेवा.

आजूबाजूच्या रंगात मिसळणारी वस्तू आहे त्यापेक्षा संथ वाटते. प्रयोगात एकाच वेगाने सरकणाऱ्या दोन पट्ट्यांतली फिकी पट्टी हळू जाताना दिसते. संध्याकाळी धुळीत, राखाडी रस्त्यावर, दिवे न लावता येणारी राखाडी गाडी म्हणजे अशीच फिकी पट्टी. म्हणून दिवे लवकर लावा, स्वतःला दिसावं यापेक्षा समोरच्याला आपला वेग कळावा म्हणून.

आणि रेल्वेचं फाटक. मोठी वस्तू त्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा हळू वाटते. विमान उतरताना पाहिलं असेल तर हे आठवेल. शिवाय गाडी आपल्याकडे सरळ येत असते तेव्हा तिची प्रतिमा बाजूला सरकत नाही, नुसती मोठी होत जाते. लांब असेपर्यंत ही वाढ इतकी मंद असते की गाडी जणू उभीच आहे, आणि शेवटच्या काही सेकंदांत ती एकदम फुगते. हर्शेल लायबोविट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली फाटकावरच्या अपघातांमागे हेच कारण मांडलं होतं. इंजिन किती लांब आहे याचा अंदाज घेऊन दुचाकी फाटकाखालून काढणाऱ्याला ज्या डोळ्यांवर भरवसा वाटतो, त्यांना त्या कोनातून वेग मोजताच येत नाही. फाटक पडलेलं असेल तर आपल्या वाहनाचं इंजिन बंद करा. गाडी गेल्यावर दुसऱ्या रुळावरून आणखी एक येत नाही ना हे दोन्ही बाजूंना पाहा, आणि फाटक पूर्ण उघडल्यावरच निघा.